गोळीवर लस निघते का? 'सडेतोड' यांना उत्तर

मिशिगनकर : 'सडेतोड' यांनी परवा लिहिलं की अमेरिकेत पोरं एकमेकांना गोळ्या घालतात हे पोलिसांचं काम, त्यावर आरोग्य संशोधक बसवणं म्हणजे रिकामटेकड्यांची सोय. "गोळीवर लस काढणार आहेत का?" यावर टाळ्याही बऱ्याच पडल्या, म्हणून हे लांबण.

२०२० पासून तिथे १ ते १९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. हे मांडणाऱ्यांत रेबेका कनिंगहॅम होत्या, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराच्या इमर्जन्सीत काम केलेल्या डॉक्टर. मारहाणीत जखमी होऊन आलेल्या, अमली पदार्थ घेणाऱ्या तरुणांवर त्यांच्या गटाने दोन वर्षं लक्ष ठेवलं. जवळपास ३७ टक्के पुन्हा मार खाऊन परत आले. म्हणजे पुढचा पेशंट आजच खाटेवर दिसतोय. पोलिस येणार गोळी सुटल्यावर! तिथेच १४ ते १८ वयाच्या मुलांशी अर्धा तास धड बोललं, तर नंतरची मारामारी कमी होते, हे २०१० मध्ये छापून आलंय.

आणि पैसे? १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे २६ लाख डॉलर कापले, बंदूक-संशोधनावर जेवढे जात होते नेमके तेवढेच. पुन्हा सुटले ते २०१९ संपताना. रस्ते अपघातांतले बळीही गाड्या जप्त करून कमी झाले नाहीत. पट्टा, एअरबॅग, हेल्मेट यांनी झाले.

सडेतोड : आकड्याची चलाखी सांगायची राहिली. १८-१९ वर्षांचे बाप्ये 'मुलं' म्हणून धरले आणि वर्षाच्या आतली बाळं वगळली. मग येणारच पहिला नंबर.

मिशिगनकर : बाळांचे मृत्यू बरेचसे जन्मजात दोष, अपुऱ्या दिवसांचा जन्म अशा कारणांचे, ते सहसा वेगळे मोजतात. १ ते १७ घ्या. २०२० ते २०२२, तिन्ही वर्षं बंदूकच पहिली.

कट्टेकरी : बाकी चालू द्या, पण हेल्मेटचं नाव कशाला काढलंत? नारायण पेठेत वीसच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला हेल्मेट कशासाठी? मान धरते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. आधी खड्डे बुजवा, मग सक्ती करा.

सायली_नोव्हाय : काका, माझा मामेभाऊ सातारा रस्त्यावर अपघातात गेला. वेग वीसच होता. हेल्मेट आरशाला लटकवलेलं.

कट्टेकरी : वाईट झालं. पण एका उदाहरणावरून अख्ख्या पुण्याला कायदा लावायचा?

सायली_नोव्हाय : आणि 'मान धरते' हे तुमचं किती उदाहरणांतून आलं?

सडेतोड : हा हा. ताई, हे मात्र बरोबर. पण धागा बंदुकीचा आहे. फिलाडेल्फियातला तो प्रकार वाचलात? पडीक प्लॉट साफ केले, गवत लावलं, म्हणे गोळीबार कमी! आमच्या वॉर्डात नगरसेवकाने बाग केली, तिथे आता रोज पत्त्यांचा अड्डा.

मिशिगनकर : ५४१ प्लॉट होते, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले. गरीब वस्त्यांत गोळीबार २९ टक्क्यांनी उतरला. तण-कचऱ्यात पिस्तूल लपवायची सोय गेली, लोक बाहेर बसायला लागले. तुमचे पत्तेवाले रात्री उशिरापर्यंत बसतात ना? मग तिथे कोणी कोणाला भोसकत नाही.

कट्टेकरी : खड्ड्यांवर कोणी बोलेना. सोयीस्कर आहे.

सायली_नोव्हाय : मी सांगते माझं, इथलं मिशिगनमधलं. मुलगी मैत्रिणीकडे राहायला जाणार होती. त्या आईला विचारलं, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का. आमच्या ग्रुपमधल्या बायका म्हणाल्या, इतकं खोदून विचारतात का कोणाला! ती बाई उलट आत घेऊन गेली. कपाटात तिजोरी, गोळ्या दुसऱ्या खोलीत, वर पोलिस ठाण्यातून फुकट मिळालेलं लाल केबलचं कुलूप. ऑक्सफर्ड हायस्कूल इथून तासाभरावर. २०२१ मध्ये तिथे शाळेतल्या गोळीबारात चार मुलं गेली. बापाने चार दिवस आधी घेतलेलं पिस्तूल १५ वर्षांच्या पोराच्या हाती लागलं. आई-बाप दोघंही २०२४ मध्ये दोषी ठरले. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये जिथे मुलं असतील तिथे बंदुकीला कुलूप सक्तीचं आहे.

कट्टेकरी : बघा, शेवटी सक्तीच!

सायली_नोव्हाय : हो, सक्ती. तुमच्या स्वातंत्र्यासाठी माझी पोरगी पणाला लावू?

कट्टेकरी : भाषा सांभाळा. मी वयाने मोठा आहे.

मिशिगनकर : कोणी तुमचं वय काढलेलं नाही, काका.

सडेतोड : कुलूप मान्य. अर्ध्या तासाच्या गप्पा... बरं, एकवेळ मान्य. गवत अजिबात नाही. आणि संशोधकांनी वर्षाला एक तरी निबंध आमच्यासारख्यांना कळेल असा लिहावा, मग मी रिकामटेकडे शब्द मागे घेईन.

कट्टेकरी : हेल्मेटवर धागा काढलाय. हिंमत असेल तर तिकडे या.