कुणाच्याही आधाराशिवाय उभा राहिलेला माणूस दाखवाच

पूर्वभागकर: काल इथं एकानं लिहिलं, "देव, समाज, मंडळ या सगळ्या कुबड्या. मी शून्यातून उभा राहिलो, कुणाचा रुपया घेतला नाही." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

सोलापुरात आमचे चार यंत्रमाग. मी दहावीत असताना वडिलांना अर्धांगवायू झाला. मागावर सुताचं बीम चढवलेलं, टॉवेलची ऑर्डर अर्धी. शेजारचे तिघं आपली पाळी संपवून रात्री आमच्या मागावर उभे राहायचे, 21 दिवस. भिशीचा नंबर दुसऱ्याच बाईचा लागला होता. तिनं पाकीट न उघडता आईच्या हातात दिलं. आई रोज पहाटे मार्कंडेयाच्या देवळात जायची. वडील औषधानं बरे झाले, मान्य. पण आई कशाच्या जोरावर टिकली? सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी बघा. पेलणारा एकटाच दिसतो, पण बाजूला सावरणारे असतात म्हणूनच तो पाऊल टाकतो.

हिशेबी: ती पोस्ट माझी. तुमचे शेजारी चांगले निघाले, माझे नाही. दुकान बुडालं तेव्हा समाजातलं कुणी फिरकलं नाही. वर्गणीचं पावतीपुस्तक मात्र वेळेवर आलं. आईची बायपास झाली त्याच महिन्यात खिडकीखाली डीजे. तांब्यातलं पाणी थरथरत होतं. ही श्रद्धा?

कसब्यातली: डीजेचं अगदी खरं. माझं तान्हं बाळ दचकून उठायचं. सोलापूरची मिरवणूक म्हणजे लेझीम, ती कुठं गेली?

लेझीमवाला: कुठंही गेली नाही, ताई. आम्ही महिनाभर रोज रात्री सराव करतो, हाताला घट्टे पडतात. पण लोक मोबाईल काढतात ते डीजेसमोरच. बघणाऱ्यांनाही विचारा की.

कसब्यातली: म्हणजे चूक आमची? भिंतीला तडा गेलाय आमच्या!

जुळे_सोलापूर: प्रत्येक धागा डीजेवर न्यायचा का? अर्थात आमच्याकडंही तोच छळ आहे. तीन मंडळं, स्पीकरच्या तीन भिंती, कुणी कुणाचं ऐकत नाही.

विडी_घरकुल: मूळ मुद्द्यावर या. एकत्र यायला देवच लागतो असं नाही. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार बायकांची 10,000 घरं 2006 साली उभी राहिली, ती संघटनेच्या जोरावर. माझी मावशी तिथंच राहते. मांडीवर सूप, हजार विड्या वळल्याशिवाय उठायची नाही. एकटीनं जन्मभर वळल्या असत्या तरी घर झालं नसतं.

पूर्वभागकर: हे पटलं. देवाचा आग्रह मी सोडतो, माणसांचा नाही. आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी 12व्या शतकात तळं खोदलं तेही माणसं जमवूनच. हिशेबी, एकच विचारतो: आईच्या बायपासला रक्त कुणी दिलं?

हिशेबी: हा प्रश्न मुद्दाम विचारलात.

पूर्वभागकर: हो, मुद्दाम.

हिशेबी: चार बाटल्या लागल्या. रात्री अकराला चार पोरं आली. त्याच मंडळाची, ज्यांचा डीजे होता. मी पैसे देऊ केले, घेतले नाहीत. पोस्टमध्ये हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर "कुणाचं काही घेतलं नाही" म्हणता आलं नसतं. झालं समाधान?

लेझीमवाला: भाऊ, रविवारी मंडळाची बैठक आहे. डीजेविरुद्ध बोलायला माझ्यासोबत या. एकट्याचं तिथं कुणी ऐकत नाही.

हिशेबी: येतो. पण वर्गणी देणार नाही.