टोपॉलॉजीचा (नेटवर्कमध्ये काय कशाला जोडलंय त्याचा) नकाशा: हातानं काढायचा की सॉफ्टवेअरवर सोडायचा?

तारवाला_लातूर
लातूरजवळच्या एका साखर कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. 22 स्विच (नेटवर्कच्या तारा एकमेकींना जोडणारे डबे), 6 रेडिओ लिंक. मागच्या गाळपाच्या आधी दोन रविवार घालून झाबिक्समध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) नकाशा काढला. प्रत्येक होस्ट (म्हणजे जोडलेलं यंत्र) हातानं ठेवला, रेघा ओढल्या, लिंक तुटली की रेघ लाल व्हावी म्हणून ट्रिगर (बिघाड ओळखणारे नियम) जोडले. साहेबांनी मोठ्या पडद्यावर लावून घेतला.

जानेवारीत वजनकाट्याचा स्विच जळाला. रात्रपाळीच्या पोरानं दुसरा बसवला आणि तार ऑफिसऐवजी यार्डाच्या स्विचमधून आणली. नकाशात रेघ जुनीच. महिन्याभरानं यार्डाचा स्विच बंद पडला, काटा मेला, आणि मी नकाशावर भरवसा ठेवून ऑफिसात शिडी लावून उभा. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार फाट्यापर्यंत. काय काय ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून माझं मत: हातानं नकाशा काढणं बंद करा. स्विचवर एलएलडीपी चालू करा. दर 30 सेकंदाला प्रत्येक पोर्टवरून स्विच आपली ओळख सांगतो, शेजाऱ्यानं ती 120 सेकंद धरून ठेवायची. लिब्रेएनएमएस हे सॉफ्टवेअर त्यावरून स्वतःच नकाशा काढतं. तार हलली की रेघही हलते.

गोदाकाठ
चूक नकाशाची नव्हती राव, तार हलवून न सांगणाऱ्याची होती.

मी नांदेडला एका कॉलेजचं बघतो. आमच्या लॅबमध्ये जागोजागी आठ पोर्टचे स्वस्तातले, मॅनेज न होणारे स्विच आहेत. त्यांना एलएलडीपी समजतच नाही. काही ती फ्रेम (ओळखीचा संदेश) गिळतात, मग पलीकडचं काहीच दिसत नाही. काही तशीच पुढं ढकलतात, मग लांबचे दोन स्विच थेट जोडल्यासारखे दिसतात. मधला डबा नकाशात नाहीच. आणि बिघडतो नेमका तोच.

शिवाय स्विच जिन्याखालच्या कपाटात आहे आणि किल्ली शिपाईमामांकडं असते, हे कोणतं सॉफ्टवेअर शोधून काढणार? माझ्या हातच्या नकाशात ते लेबलवर लिहिलेलं आहे.

तारवाला_लातूर
@गोदाकाठ मधला डबा लपत नाही. वरच्या स्विचचं मॅक टेबल (कोणत्या पोर्टवर कोणत्या यंत्राचा मॅक, म्हणजे पत्ता, दिसतो ती यादी) बघा. एका पोर्टवर सात-आठ मॅक दिसले की समजायचं, खाली कोणीतरी डबा लावलाय. आणि "सांगायला पाहिजे होतं" हे ऑफिसात बसून बोलायला ठीक आहे. हंगामात रात्री दोन वाजता, मळी उडालेल्या हातांनी, कोण नकाशा दुरुस्त करायलंय?

वाळूजकर
एक सांगतो. सिस्को कंपनीचे स्विच असतील तर सीडीपी (त्यांचं स्वतःचं एलएलडीपीसारखं) आधीपासून चालू असतं, पण एलएलडीपी बहुतेक ठिकाणी आपण चालू करावं लागतं. ते न करता "ऑटो नकाशा अर्धाच येतो" म्हणणारे मी लई बघितलेत.

भट्टीवरचा
तुम्ही दोघं चित्रावरून भांडायलात.

जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये मुख्य स्विचची वीज गेली. चार मिनिटांत मोबाइलवर 41 मेसेज. नकाशा होता की पडद्यावर, छान, सगळा लाल. झाबिक्समध्ये रेघ ही नुसती रेघ असते. ती ओढल्यानं 'हा होस्ट त्याच्या मागं आहे' हे त्याला कळत नाही. त्यासाठी ट्रिगर डिपेंडन्सी (वरचं पडलं असेल तर खालच्याचा मेसेज नको, हा नियम) वेगळी लावावी लागते. नागिओस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलटं होतं: होस्टच्या व्याख्येत पॅरेंट (ज्याच्या मागं तो होस्ट आहे ते यंत्र) लिहायचा, त्यावरूनच नकाशा तयार व्हायचा, आणि पॅरेंट पडला की खालचे होस्ट 'डाउन' नाही, 'अनरीचेबल' दिसायचे. जुनं आहे, पण विचार सरळ होता. मी नकाशा काढणं सोडलं, डिपेंडन्सी तेवढ्या लावल्या. आता एक मेसेज येतो.

गोदाकाठ
@भट्टीवरचा आणि त्या डिपेंडन्सी कोणी लिहिल्या? तुम्हीच ना, हातानं! तो नकाशाच झाला की, फक्त चित्र नाही. तार हलली की तोही तारवाल्याच्या रेघेसारखाच खोटा पडणार. वर तो दिसतही नाही, म्हणजे खोटा पडलाय हे कळायचं कधी?

अजून एक. तुमच्याकडं रिंग (स्विच गोलात जोडलेले, म्हणजे पोचायला दोन वाटा) आहे का? नागिओसमध्ये दोन पॅरेंट दिले तर दोन्ही पडल्यावरच होस्ट अनरीचेबल धरतात. झाबिक्समध्ये दोन डिपेंडन्सी दिल्या तर एक जरी प्रॉब्लेममध्ये असली तरी खालचा ट्रिगर गप्प बसतो. रिंगची एक बाजू गेली, दुसरीवरून सगळं चालू आहे, आणि तेवढ्यात खालचा स्विच खरोखर मेला, तर तुम्हाला मेसेज येणार नाही.

भट्टीवरचा
रिंग आहे. आज रात्री तपासतो. हे मात्र तुमचं खरं. तरी 41 मेसेजपेक्षा मला तो धोका परवडतो. 41 आले की माणूस एकही वाचत नाही.

वाळूजकर
आमच्याकडं तिन्ही आहेत. ऑटो नकाशा आम्ही बघतो, हातचा मोठ्या साहेबांसाठी. त्यात प्रत्येक शेड हा एक छोटा नकाशा, मुख्य नकाशावर नुसता ठोकळा; आत काही पेटलं की ठोकळा रंग बदलतो. साहेबांना ठोकळे आवडतात.

तारवाला_लातूर
गोदाकाठ, तुमच्या त्या डब्यांवरून आज आमचं मॅक टेबल काढून बघितलं. ऊस-लॅबच्या पोर्टवर नऊ मॅक दिसायलेत. तिथं आमच्या नोंदीत चारच कॉम्प्युटर आहेत.

गोदाकाठ
टेबलाखाली हात घाला. आधी प्लग काढा मात्र.