जवळपासचा समुपदेशक कसा शोधायचा? एकदा अनुभव चांगला आला नाही

उंबरठा:

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहूनच टाकते.

मी ५४ वर्षांची आहे. रक्तपेढीत २६ वर्षं तंत्रज्ञ होते. गेल्या वर्षी आईचं दुखणं वाढलं म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेतली. पाच महिन्यांपूर्वी आई गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी मुलगी नोकरीसाठी दूर राहायला गेली. यातलं काहीच अचानक घडलं नाही. आईचं वय झालं होतं, मुलगी जाणार हे वर्षभर आधी ठरलं होतं, नोकरी तर मी माझ्या हाताने सोडली. मग मला असं का होतंय?

"असं" म्हणजे काय ते सांगते. आईच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी आहे. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ आणि रात्र. दर रविवारी रात्री मी ती भरायचे. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी रात्री मी ती डबी काढली, उरलेल्या पट्ट्यांतून गोळ्या काढल्या आणि भरायला लागले. बुधवारच्या कप्प्याशी आल्यावर लक्षात आलं. रडू आलं नाही. मी पुढचे कप्पेही भरले, झाकण लावलं आणि डबी जागेवर ठेवून दिली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मिस्टरांनाही नाही. ते फार सांभाळून घेतात मला, पण "वेळ जाऊ दे, होईल नीट" याच्या पुढे त्यांना काही सुचत नाही. झोप पहाटे चारला उडते. वाचायला घेतलेलं पान तसंच राहतं.

गेल्या आठवड्यात एका समुपदेशकांकडे जाऊन आले. दहा मिनिटं माझं ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही रिकाम्या बसता, म्हणून विचार येतात. स्वतःला कशात तरी गुंतवून घ्या." मध्ये त्यांचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा त्यांनी घेतला. दुसऱ्या फोनच्या वेळी मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. डबीचं सांगायचं म्हणून गेले होते, ते सांगायचं राहूनच गेलं.

मला समोर बसून बोलायचं आहे, फोनच्या पडद्यावर नाही. त्यामुळे माणूस जवळपासचाच हवा. पण जवळपास म्हटलं की कुणीतरी ओळखीचं निघणार, तिथे बाकावर बसलेलं कुणीतरी बघणार, ही धास्ती आहे. चांगला समुपदेशक आधी ओळखायचा कसा? फोनवर काय विचारायचं? आणि मला समुपदेशक हवा की डॉक्टर, हे तरी कसं कळणार?

पायवाट:

ताई, आधी एक सांगतो. त्या खोलीत जे झालं त्यात तुमची चूक नव्हती. मीही पहिल्या अनुभवानंतर चार महिने घरी बसलो होतो, "आपल्याला हे लागू पडत नाही" असं ठरवून. ते चार महिने फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत.

माझा घटस्फोट झाला तेव्हाची गोष्ट. दुसऱ्यांदा शोधायला लागलो तेव्हा ओळखीत कुणाला विचारायची लाज वाटत होती. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन नावं दिली आणि वर म्हणाले, "दोघांनाही फोन करा, मग ठरवा." तिसरं नाव एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात फोन केल्यावर मिळालं. अशा विभागांना आपल्या भागात कोण काम करतं हे बहुतेक ठाऊक असतं. मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागातही विचारता येतं.

प्रश्न मी कागदावर लिहून घेतले होते, कारण फोनवर माझा आवाज कापतो. तुमचं शिक्षण कशातलं, आणि समुपदेशनाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण किती काळ घेतलंत? माझ्यासारख्या प्रसंगातून जाणाऱ्या लोकांबरोबर काम केलंय का? एक भेट किती वेळाची, फी किती, यायला जमलं नाही तर काय? मी सांगेन ते कुणाकुणाला कळेल? या शेवटच्या प्रश्नावर एकजण म्हणाले, "तुमच्या घरच्यांनी विचारलं तर थोडं सांगावं लागतं." तिथेच थांबलो. तिसऱ्या बाई मात्र प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर देत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या यादीत अजून काही राहिलंय का?" त्यांना कळलं होतं की मी कागदावरून वाचतोय. त्यांच्याकडे मी १४ महिने गेलो.

बघितलं जाण्याची भीती मलाही होती. त्यांना सरळ सांगितलं तेव्हा त्यांनी दिवसातली पहिली वेळ दिली, म्हणजे आधीचं कुणी बाहेर पडणार नाही आणि बाकावर कुणी बसलेलं नसेल. मागितलं की मिळतं. मागायला मात्र हवं.

दोनशे पावसाळे:

मी समुपदेशक आहे, २० वर्षं हेच काम करते. ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

सगळ्यात आधी एक प्रश्न, आणि तो सरळच विचारते. जगू नये, झोपेतून उठूच नये, असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. न विचारल्याने मात्र माणूस एकटा पडतो. उत्तर "हो" असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. आजच घरच्यांना सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात जा. उत्तर "नाही" असलं तरी आईच्या उरलेल्या गोळ्या घरातून हलवा. औषधांच्या दुकानात विचारा, नाहीतर मिस्टरांकडे सोपवा. कुणाच्याही घरी नको असलेली औषधं साठून राहू नयेत, दुःखाच्या घरात तर नकोच.

आता डॉक्टर की समुपदेशक. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषधं लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या आणि मानसोपचार करतात. आयुष्यातल्या घडामोडी, नाती, दुःख, निर्णय यांवर बोलून काम करतो तो समुपदेशक. या तीन दारांमध्ये भिंती नाहीत. गरज पडली की चांगला समुपदेशक स्वतःच डॉक्टरांकडे पाठवतो. तुमची झोप आणि एकाग्रता दोन्ही गेली आहेत, म्हणून आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. थायरॉइडचं काम मंदावलं किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की मरगळ, उदासी, विसरभोळेपणा येतो, आणि तो दुःखासारखाच दिसतो. डॉक्टर कदाचित नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली देतील. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न आणि ० ते २७ गुण. त्या आकड्याला घाबरू नका. बोलायला सुरुवात कुठून करायची हे त्यातून कळतं, एवढंच त्याचं काम.

"अचानक काहीच घडलं नाही, मग असं का," हे तुमचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. १९६७ मध्ये होम्स आणि राही या दोन मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि जुळवून घ्यायला किती बळ लागतं त्यानुसार प्रत्येकीला गुण दिले. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ६३, निवृत्ती ४५, मुलाने किंवा मुलीने घर सोडणं २९. त्याच यादीत लग्नालाही ५० गुण आहेत. म्हणजे बदल ठरवून केलेला असो, आनंदाचा असो, त्याची किंमत मन आणि शरीर मोजतातच. हे आकडे सरासरीचे आहेत, तुमच्या मापाचे नव्हेत, पण तुमच्या वर्षभरात यातल्या तीन गोष्टी एकावर एक आल्या. आणि आई गेली त्याबरोबर आईची काळजी घेणंही गेलं, म्हणजे रविवारची रात्रही गेली. त्या डबीत मला वेडेपणा दिसत नाही. तुमच्या हातांना त्यांचं काम अजून आठवतंय.

पाच महिन्यांच्या शोकाला कुणी आजार म्हणायला लागलं तर सावध व्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, प्रदीर्घ शोकविकाराचं निदान करायला किमान सहा महिने जावे लागतात. त्यातही आपल्या समाजात सर्वसाधारण मानलं जातं त्यापलीकडे ते गेलेलं असावं लागतं. पण मदत घ्यायला निदानाची वाट बघायची गरज नाही.

आता माणूस कसा ओळखावा. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ मध्ये लिहिलं की माणूस बदलायचा तर समोरच्याकडून तीन गोष्टी मिळाव्या लागतात: समानुभूती (आपल्या जागी येऊन आपल्याला समजून घेणं), विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा. पुढे १९७९ मध्ये एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने समुपदेशक आणि आलेला माणूस यांच्यातल्या युतीचे तीन भाग सांगितले: ध्येय कोणतं यावर एकमत, काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला धागा. हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. पहिल्या भेटीनंतर जिना उतरताना तुम्ही स्वतःलाच विचारू शकता: मी कशासाठी आले हे त्यांनी विचारलं का? पुढे काय करणार ते मला समजेल असं सांगितलं का? आणि जे सांगायला गेले होते ते सांगता येईल असं वाटलं का? तुमच्या त्या भेटीत हा तिसरा भाग फोनच्या दुसऱ्या घंटेला तुटला. ५० मिनिटांच्या भेटीत समुपदेशकाने फोन घेणं हे आमच्या कामात बसत नाही.

पद्धतीचीही विचारपूस करा. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धती, ॲरन बेकची बोधनिक पद्धती, या दोन्ही आपले विचार तपासून बदलण्यावर काम करतात आणि चिंता, अपराधी भावना यांवर फार उपयोगी पडतात. पण शोक आधी ऐकून घ्यावा लागतो. पहिल्याच दिवशी तुमचे विचार दुरुस्त करायला बसलेला माणूस मला पटणार नाही.

जवळपासच्या ओळखीचं म्हणाल तर मिस्टरांचे मित्र, मुलीच्या शिक्षिका, शेजारी, असं कुणी समुपदेशक असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका. ते कितीही चांगले असले तरी. दुहेरी नातं आम्हीही टाळतो. गुप्ततेला मर्यादा असतात, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तिथे गुप्तता मोडावी लागते. हे पहिल्या भेटीतच आपणहून सांगतो तो माणूस विश्वासाचा. "तुम्ही स्वतः कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता का," हेही विचारा. मी अजूनही दर महिन्याला माझ्या ज्येष्ठांपुढे बसते.

तिन्हीसांज:

मी समुपदेशक वगैरे नाही. बायको गेल्यावर मी शोकगटात गेलो, महिन्यातून दोनदा, आठ-दहा जण गोल बसायचो. पहिल्या दोन वेळा मी एक शब्द बोललो नाही, आणि कुणी बोल म्हणालंही नाही. एका बाईंनी सांगितलं की त्या नवऱ्याच्या मोबाइलचं बिल अजून भरतात, फोन लावला की त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायला मिळतो म्हणून. त्या दिवशी मला कळलं की मी एकटा नाही. ताई, तुमची डबी त्या गोलात कुणालाही विचित्र वाटली नसती. रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात (बऱ्या न होणाऱ्या आजारात आराम देतात तिथे) असे गट कुठे चालतात ते विचारा.

आणि एक. कुणी तुम्हाला शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सांगून "तुम्ही आता तिसऱ्यावर आहात" म्हणालं तर मनावर घेऊ नका. मी त्या टप्प्यांनी स्वतःला फार छळलं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी बोलून नव्हे. मला राग कधी आलाच नाही, आणि मी वर्षभर वाट बघत बसलो की माझा टप्पा चुकला की काय.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे.

दोनशे पावसाळे, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून मीही स्वतःशी सरळ विचार करून बघितला. गोळ्या मिस्टरांबरोबर जाऊन औषधांच्या दुकानात देऊन आले. त्या निमित्ताने त्यांना डबीचं सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत, पट्ट्या एकेक मोजून पिशवीत घातल्या, आणि गाडीत बसल्यावर माझा हात धरून बराच वेळ बसले.

रक्ततपासणी झाली. बी-१२ खरंच कमी निघालं, त्यावर उपचार सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, हे भरून निघेल, पण बोलायचं आहे ते बोलाच.

तीन फोन केले, प्रश्न कागदावर लिहून. पहिल्यांनी उचलला नाही. दुसऱ्या बाई माझ्या मुलीच्या मैत्रिणीची मावशी निघाल्या. त्यांनीच म्हटलं, "मग माझ्याकडे नको," आणि एक नाव दिलं. त्या तिसऱ्यांनी गुप्ततेच्या मर्यादा मी विचारायच्या आधीच सांगितल्या. फोन बंद असतो का, असंही विचारलं मी. "बंद करून ड्रॉवरमध्ये," म्हणाल्या. सकाळची पहिली वेळ मागितली, मिळाली. गुरुवारी जायचं आहे.

एकच विचारायचं राहिलं. डबी आता रिकामी आहे, पण टाकवत नाही. ती बरोबर नेली तर चालेल का? तोंडाने सांगायला जमलं नाही तर निदान टेबलावर ठेवता येईल.

दोनशे पावसाळे:

न्या ताई. आणि त्या दिवशी पर्समधून बाहेर काढाविशी वाटली नाही, तर पुढच्या वेळी परत न्या.