मॅरिएटाची बैलगाडी: इतिहास जपला की जत्रा भरवली?

तिरसट: काल इथे कुणीतरी ओहायोतल्या मॅरिएटाच्या बैलगाडी-यात्रेचा फोटो टाकून वर लिहिलं, ‘इतिहास जपावा तर अमेरिकनांनी, आपण नुसते पुतळे उभारतो.’ डोक्यातच गेलं. ३ डिसेंबर १९३७ला पोरं मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचहून गाडी जुंपून निघाली, पुढे होड्या बांधल्या आणि ७ एप्रिल १९३८ला मस्किंगम-ओहायोच्या संगमावर उतरली. त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी मॅरिएटा वसवणाऱ्या रूफस पुटनमची ४८ माणसं उतरली तोच दिवस साधून. हौस म्हणून छान. पण ज्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सचा, म्हणजे ओहायो नदीपलीकडच्या प्रदेशासाठीच्या १७८७च्या कायद्याचा हा सोहळा, त्यातच लिहिलंय की मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही. १७९४ला फॉलन टिंबर्सच्या लढाईत ते हरले, १७९५ला ग्रीनव्हिलचा तह, ओहायोचा मोठा तुकडा त्यांच्या हातून गेला. झाली संमती! आणि पुतळ्यांचं म्हणाल तर १९३८च्याच जुलैत खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मॅरिएटाला आले होते, शिल्पकार बोर्गलमने घडवलेल्या स्मारकासाठी.

संगमकाठ: फोटो माझाच. त्याच ऑर्डिनन्सने त्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घातली, ते बरं विसरलात! शिवाय त्या वसाहतवाल्यांनी तिथला प्राचीन मातीचा उंचवटा नांगरला नाही, भोवती दफनभूमी केली. अजून उभा आहे. आमच्या गावच्या गढीची पांढरी माती लोकांनी घराच्या मातीच्या छपरावर टाकायला नेली. आमच्या आजोबांनीही नेली, लपवत नाही.

तिरसट: जपतात म्हणे! अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून १९७६ला निघालेल्या गाड्यांच्या यात्रेने देशभरातून २ कोटी २० लाख सह्या गोळा केल्या, त्या पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला व्हॅनमधून चोरीला गेल्या.

पत्रीवाला: तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, ऐन थंडीत पक्क्या रस्त्यावर इतके दिवस बैल चालवले, खुरांचं काय झालं? आमचा ढवळ्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर आठवड्यात लंगडायला लागला. मग त्याला आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, एका खुराला दोन लोखंडी पत्र्या ठोकायच्या, नालेसारख्या. खिळा जरा आत गेला की रक्त. मी तेव्हा दहा वर्षांचा, शिंगं धरून बसायचो. त्याचा डोळा माझ्याकडेच असायचा.

मऊभात: म्हणजे छळच की. उसाच्या गाडीवर पर्वताएवढं ओझं लादता आणि वर आठवणी काढता.

पत्रीवाला: चहात साखर घालता ना ताई? ती काय विमानाने आली?

मऊभात: ट्रॅक्टर असतात हो हल्ली.

पत्रीवाला: चिखलात रुतलेला ट्रॅक्टर कोण ओढून काढतं ते बघायला या एकदा.

संगमकाठ: अहो, विषय मॅरिएटाचा होता.

तिरसट: राहू दे. गुलामगिरीचा मुद्दा तुमचा बरोबर, धरा. पळून आलेला गुलाम मालकाला परत मिळायची सोयही त्याच कलमात आहे, तीही धरा.

मऊभात: ढवळ्याचं पुढे काय झालं?

पत्रीवाला: विकला. बाजाराला मी गेलो नाही.