मदत हवी आहे : थोडक्यात टळलेले अपघात कामगारांनी कळवावेत, यासाठी काय करावे?

नमस्कार. मी लोअर परळमधील एका बहुमजली इमारतीच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी आहे. ५०० किंवा त्याहून अधिक बांधकाम कामगार असल्यास १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षा समिती बंधनकारक केली होती. आमच्याकडे ती आहे, बैठकाही होतात (चहा-बिस्किटांसह), पण थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही तीन महिने कोरीच आहे.

गेल्या आठवड्यात परांचीचा लोखंडी क्लॅम्प चौदाव्या मजल्यावरून निसटून, जेवायला बसलेल्या कामगारांपासून हातभर अंतरावर पडला, आणि मुकादमाने तो मुकाट्याने उचलून ठेवला. खोदून विचारल्यावर कळले की, नोंद केली तर चौकशीत काम थांबते आणि ठेकेदार त्या दिवसाचा खाडा धरतो, ही खरी भीती आहे. त्यामुळे रोज सकाळच्या सूचना, हेल्मेट आणि पट्टे यांवर मी कितीही भर दिला, तरी धोका मला अपघात झाल्यावरच कळणार.

निनावी तक्रारपेटीचा विचार केला, पण बऱ्याच जणांना लिहिता येत नाही. नोंद करणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, अशी अट ठेकेदाराच्या करारात कोणी घालून घेतली आहे का? व्यवस्थापनाला ती कशी पटवली? बांधकाम क्षेत्रातील अनुभवींनी कृपया सविस्तर लिहावे.