गळ्यात कॅमेरा, तोंड बंद. असं एकटं फिरणारं कुणी हाय का कोल्हापुरात?

घुम्या_करवीरकर: मी लग्नात पण कोपरा धरून बसणारा माणूस. पण कॅमेरा असला की संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर तासभर सहज उभा राहतो, म्हशीची धार थेट ग्लासात पडते, वर फेस येतो, पैलवानाच्या मिशीला पांढरी कड लागते... कुणाशी बोलावं लागत नाही आणि एकटं पण वाटत नाही. अडचण एकच, कॅमेरा डोळ्याला लावला की लोक पोज देतात न्हाईतर "कुठल्या पेपरात येणार?" आणि मैफलीला एकटं गेलं तर विचित्र दिसतं का हो?

पस्तीस_एमएम: भावा, डोळ्याला लावूच नको. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) ३५ एमएमची लेन्स, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ ८, फोकस अडीच मीटरवर ठेवून दे, पावणेदोन ते पावणेपाच मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतंय. कॅमेरा छातीशी धरून काढायचा. पण कुणी नको म्हटलं तर डिलीट, तिथं वाद न्हाई.

मागची_रांग: एकटंच जा की! मी देवल क्लबला, म्हणजे आपल्या गाण्याच्या जुन्या संस्थेत, कायम एकटीच जाते, कडेची खुर्ची. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवलं त्या गावात गाणं ऐकायला सोबत कशाला पाहिजे? फक्त विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू असताना शटर वाजवू नका, माझ्या पुढच्या काकांनी वळून बघितलेलं अजून आठवतंय.

घुम्या_करवीरकर: सायलेंट मोड हाय ताई 😄 उद्या अडीच मीटर करून बघतो.