मामांची जुनी इलेक्ट्रिक गिटार: वय कसं ठरवायचं, किंमत किती सांगायची?

नौपाड्याची_भाची

नमस्कार. माझे मामा ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे. गणपतीतले मंडळांचे कार्यक्रम, लग्नं, कधी गडकरी रंगायतन. मामा आता नाहीत. मामींना गिटार विकायची आहे, पैशाची गरजही आहे. एका दुकानदाराने कव्हरमधून पूर्ण बाहेर न काढताच बारा हजार सांगितले. मामेभाऊ म्हणतो, जपानी आहे, लाखाच्या खाली सोडू नका. मला यातलं काही कळत नाही, पण मामींची फसवणूक होऊ नये एवढंच वाटतं.

हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, 'आयबानेझ' लिहिलंय. आकार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर ('स्ट्रॅट') गिटारसारखा, तीन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग), रंग काळा. नेक (दांडा) बॉडीला जिथे जोडलाय तिथे मागे स्टीलची चौकोनी पट्टी आहे, तिच्यावर डी ७७३८४१ असा नंबर कोरलाय. मामांनी ती बोटीवर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतली होती.

घोडबंदर_ब्लूज

ताई, अभिनंदन! ही 'लॉसूट', म्हणजे खटल्याच्या काळातली गिटार आहे. गिब्सन या गिटार कंपनीने केस टाकली होती तो काळ. लाख सहज येतील.

सोल्डर_आणि_तार (कोपरखैरणे)

घोडबंदर, राग मानू नका, पण हा शब्द इथे लागू नाही, आणि तो ऐकून मामी लाखावर अडून बसल्या तर गिटार वर्षानुवर्षं पडून राहील. १९७७ साली गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गरवर दावा लावला. वाद होता गिब्सनसारख्या हेडस्टॉकच्या आकाराचा. स्ट्रॅटच्या आकाराच्या गिटारचा त्याच्याशी काही संबंध नाही. विकणाऱ्यांनी सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक जपानी कॉपीला ते नाव चिकटवलं.

आता नंबर. त्या काळच्या आयबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं असतं. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे सालाचे आणि उरलेले अनुक्रमाचे. म्हणजे तुमची एप्रिल १९७७ ची. आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्की या कंपनीचं, पण त्या वेळच्या त्यांच्या बहुतेक गिटारी मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात बनत. याच फुजीगेनला १९८२ मध्ये फेंडरने जपानी फेंडर बनवायला दिल्या, यावरून तिथल्या हातांची लायकी ओळखा.

पण पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि चार स्क्रू काढून दुसऱ्या गिटारला लावता येते. नंबर हा पहिला साक्षीदार, एकटा पुरेसा नाही. गिटार आतून बघावी लागेल. तारा आधी सैल करा, मग पिकगार्डचे, म्हणजे पिकअप बसवलेल्या पुढच्या पट्टीचे स्क्रू काढून ती हलक्या हाताने उलटी करा. वायरी जोडलेल्या असतात, ओढू नका. तीन गोष्टींचे फोटो टाका: पॉटची (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालच्या भागाची) पाठ, सोल्डरचे जोड आणि पट्टीखालच्या खोबणीच्या आतला रंग. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. नेक मात्र काढू नका. लाकडात बसलेले जुने स्क्रू नवख्या हाताने फिरवले की भोकं सैल होतात.

आणि हात जोडून सांगतो, पॉलिश, सँडपेपर, नवीन खुंट्या, काहीही करू नका. गंज दिसला तरी तसाच राहू द्या. चांगल्या मनाने केलेल्या साफसफाईने बिघडलेल्या गिटारी माझ्या टेबलावर येतात आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वाशी_सेक्टर_नऊ

मध्येच विचारतो. माझ्याकडे अमेरिकन फेंडर आहे, हेडस्टॉकवर नंबर एस ८ ने सुरू होतो. यालाही महिना असतो का?

सोल्डर_आणि_तार (कोपरखैरणे)

नाही, फेंडरची पद्धत वेगळी. १९७६ पासून नंबर हेडस्टॉकवर आला. एस म्हणजे सत्तरचं दशक, ८ म्हणजे १९७८. पण हे नंबर पुढच्या एकदोन वर्षांतल्या गिटारींवरही सापडतात, म्हणून पॉटवरचा आकडा वाचा. समजा १३७७८१५ आहे. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७८ साल, १५ वा आठवडा. याचा अर्थ एवढाच की गिटार त्याआधीची असू शकत नाही. पॉट कारखान्यात महिनोन्‌महिने पडून राहत, त्यामुळे नंतरची मात्र असू शकते. मूळ सोल्डर शाबूत असेल तरच या पुराव्याला किंमत. जपानी पॉटला ही आकड्यांची रीत लावू नका. ताईंच्या गिटारला आपल्याला सोल्डर आणि रंगच बघायचा आहे.

नौपाड्याची_भाची

फोटो टाकलेत. खोबणीत काळ्याच्या खाली पिवळसर-तपकिरी रंग दिसतोय. मामी म्हणाल्या, रंग मामांनीच मारून घेतला होता, ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांची वाद्यं काळी दिसावीत म्हणून. खुंट्याही नंतर बदलल्यात. पण माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला! त्यात सहा जुन्या खुंट्या, एक पिकअप आणि थोडे स्क्रू आहेत. शिवाय स्टेजवरचा एक फोटो, त्यात मामांच्या हातात हीच गिटार आहे आणि तिचा रंग अजून मूळचा आहे.

सोल्डर_आणि_तार (कोपरखैरणे)

ताई, तो डबा जपून ठेवा. गिटार विकाल तेव्हा तोही तिच्याबरोबर गेला पाहिजे.

फोटो बघितले. नेकजवळचं आणि मधलं पिकअप मूळचं वाटतंय, सोल्डरला हात लागलेला नाही. ब्रिजजवळच्या (तारांच्या खालच्या टेकूजवळच्या) पिकअपचा जोड वेगळा आहे, वर चकाकणारा मोठा थेंब बसलाय. ते बदललेलं, आणि डब्यातलं बहुधा त्याच जागेचं. नंबर आणि आतलं सगळं एकमेकांशी जुळतंय. १९७७ म्हणायला मला काही अडचण नाही.

किमतीत सगळ्यात मोठा फटका रंगाचा आहे. पुन्हा रंगवलेल्या जुन्या गिटारची किंमत ढोबळमानाने निम्मी धरतात. काळा रंग खरवडून मूळचा काढायला जाऊ नका, खालचाही जाईल. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत त्याचं फार मनावर घेऊ नका. वाजवली की फ्रेट झिजतातच, ते बदलता येतात आणि ग्राहकाला ते ठाऊक असतं. खुंट्या आणि पिकअप परत बसवता येतात, त्यामुळे ते नुकसान जवळपास भरून निघालं.

भाव बघायला रिव्हर्ब या वाद्यांच्या ऑनलाइन बाजारात जा. लोक मागतात त्या किमती वाचू नका, विकल्या गेलेल्या बघा. तिथला आकडाही इथे जसाच्या तसा मिळत नाही. परदेशी ग्राहक पाठवणी आणि कस्टम धरून हिशेब करतो, आणि इथे जुन्या गिटारची पारख असलेले ग्राहक थोडे. माझं स्वतःचं मत: डब्यासकट तीस ते चाळीस हजार मागावेत, तीसच्या खाली घाईने देऊ नये. ती बारा हजारांची ऑफर सोडून द्या.

जाहिरातीत रंग बदललाय हे पहिल्याच ओळीत लिहा. लपवलं तर ग्राहक आतला रंग बघेल आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही. मामांनी कोणाकडून घेतली, कुठे वाजवली, हे मामींकडून विचारून तारखांसकट लिहून घ्या. १९९१ च्या आधी आयातीचे परवाने आणि कस्टमच्या भानगडींमुळे अशी वाद्यं सरळ दुकानात मिळतच नव्हती, बोटीवरच्या लोकांकडूनच यायची. त्या काळच्या वादकांनी ती किती कष्टाने मिळवली याची किंमत कळणारा माणूस असतो. तोच ग्राहक शोधा. स्टेजच्या फोटोची प्रत द्या, मूळ फोटो मामींकडेच राहू दे.

घोडबंदर_ब्लूज

दादा, लॉसूटचं नीट सांगितलंत, मला खरंच तसंच वाटत होतं. ताई, मामींची हरकत नसेल तर मला गिटार बघायला यायचं आहे. पैशाचं जमलं तर घ्यायचीही आहे.

नौपाड्याची_भाची

मामींना विचारून कळवते. दादा, तोपर्यंत तारा काढून ठेवू का? पाऊस तोंडावर आलाय.

सोल्डर_आणि_तार (कोपरखैरणे)

सगळ्या काढू नका, नेकवरचा ताण एकदम जातो. सगळ्या एकेक सुराने उतरवा. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या चारपाच पुड्या टाका आणि बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा, ठाण्यातल्या भिंती जुलैत ओल धरतात. विकण्याआधी ट्रान्सहार्बरने एकदा माझ्याकडे घेऊन या, डबाही आणा. जुनं पिकअप आणि खुंट्या तुमच्यासमोर बसवून देतो. मजुरी नको.